मंत्र वगळून मुळीचा इतिहास लिहावा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

मँड्रेक या विषारी, दंतकथांनी वेढलेल्या मुळीवरील माझ्या लेखावर आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. माझ्या समजुतीप्रमाणे आपले आक्षेप तीन आहेत. उपटणाऱ्याचा जीव जातो म्हणून मुळी उपटण्यासाठी तिला कुत्रा बांधावा ही दंतकथा आणि त्याच मुळीतील अल्कलॉइड (शरीरावर तीव्र परिणाम करणारी रसायने) यांचा उल्लेख मी एकाच परिच्छेदात केला, त्यामुळे अंधश्रद्धेला औषधाच्या पंक्तीला बसवल्यासारखे झाले, हा पहिला. परंपरेत जे खरे होते ते विज्ञानाने केव्हाच उचलले आहे, उरलेला कचरा जपून ठेवण्यात काय हशील, हा दुसरा. आणि असे लेख वाचून कोणीतरी स्वतःवर प्रयोग करून बसेल, हा तिसरा. तिसऱ्या आक्षेपामागची काळजी मला रास्त वाटते. पहिल्या दोन आक्षेपांशी मात्र मी सहमत नाही, आणि का ते विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

जादू आणि औषध यांची सरमिसळ मूळ नोंदींतच आहे, आणि तिच्याकडे चिकित्सक नजरेने पाहणारेही तितकेच जुने आहेत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास थिओफ्रॅस्टस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नवव्या भागात मुळ्या खणणाऱ्या लोकांचे विधिनिषेध नोंदवले आहेत. थाप्सिया ही दाहक वनस्पती खणताना अंगाला तेल चोपडावे आणि वारा पाठीशी ठेवून उभे राहावे, नाहीतर अंग सुजते. हेलेबोर ही विषारी वनस्पती खणताना डोके लवकर जड होते, म्हणून आधी लसूण खावा, वर पाणी न मिसळलेली वाइन घ्यावी आणि काम झटपट उरकावे. पिओनी हे फुलझाड रात्रीच काढावे, कारण दिवसा त्याची फळे काढताना सुतारपक्ष्याने पाहिले तर डोळे जाण्याची भीती. मँड्रेकभोवती तलवारीने तीन वर्तुळे आखावीत आणि पश्चिमेकडे तोंड करून ती कापावी. हे सारे त्याने एकाच ठिकाणी दिले आहे, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. तेलाची आणि वाऱ्याची सूचना त्याला पटते, कारण या वनस्पती आगीसारख्या भाजतात असे त्याचे म्हणणे आहे. सुतारपक्ष्याची गोष्ट मात्र ओढूनताणून आणलेली आणि गैरलागू ठरवून तो बाजूला काढतो. आपल्या सूचनेप्रमाणे त्याने सुतारपक्षी लिहिलाच नसता, तर थाप्सियाची सूचना आपल्यापर्यंत पोहोचली असती, परंतु ती कोणत्या गर्दीतून आणि कोणत्या कसोटीवर निवडली गेली हे कधीच कळले नसते. मला त्या कसोटीत अधिक रस आहे.

आता ज्या कथेवरून वाद सुरू झाला तिच्याकडे वळतो. कुत्र्याच्या साहाय्याने मुळी उपटण्याची गोष्ट पहिल्या शतकात जोसेफस या इतिहासकाराने बाआरस नावाच्या मुळीबद्दल सांगितली आहे आणि मध्ययुगात ती मँड्रेकला चिकटली. त्याच पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज हा ग्रीक वैद्य असे लिहितो की, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा डाग देण्यापूर्वी रुग्णाला मँड्रेक घातलेली वाइन द्यावी, म्हणजे त्याला वेदना जाणवत नाहीत. मुळीतील हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये गुंगी आणतात, भ्रम निर्माण करतात आणि मात्रा चुकल्यास जीवही घेतात. ही मुळी धोक्याची आहे एवढे सत्य कथेत आहे; धोका नेमका कोठे आहे हे मात्र तिने चुकीचे सांगितले, कारण तो उपटण्यात नसून पोटात घेण्यात आहे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट नजरेस येत नाही, आणि त्या एकाच परिच्छेदात येण्याचे कारण तेवढेच आहे. (भीतीला बाजारात किंमत असते, हेही येथे ओघाने सांगायला हवे. ब्रायोनी या दुसऱ्याच वेलीच्या मुळ्या कोरून, त्यांना माणसाचा आकार देऊन त्या मँड्रेक म्हणून खपवल्या जात. १५९७ साली जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिज्ञाने वैतागून लिहिले की, आपण आणि आपल्या नोकरांनी कितीतरी मँड्रेक खणल्या, लावल्या, पुन्हा लावल्या, पण त्यांत पुरुषाचा किंवा स्त्रीचा आकार कधी दिसला नाही.)

भोळे खेडूत जादू करत होते आणि शहाणे वैद्य औषध देत होते, असे चित्र आपल्या प्रतिक्रियेतून उभे राहते. ते टिकत नाही. सहाव्या शतकातील ट्रॅलीसचा अलेक्झांडर हा अत्यंत अनुभवी वैद्य होता. गाउट या सांधेदुखीवर त्याने हर्मोडॅक्टिल नावाचा कंद सुचवला, जो कोल्चिकम वर्गातील मानला जातो आणि ज्या वर्गातील कोल्चिसीन हे द्रव्य आजही याच विकारावर वापरले जाते. त्याच वैद्याने, त्याच विकारावर, खुरासानी ओव्याची मुळी चंद्र कुंभ किंवा मीन राशीत असताना, सूर्यास्तापूर्वी, मंत्र म्हणून काढून ताईत म्हणून बांधण्याचा विधीही लिहून ठेवला आहे. काही रुग्णांना पथ्य पाळणे किंवा कडक औषध घेणे सोसत नाही, त्यांना हवा तो आधार द्यावा, अशी त्यामागची त्याची भूमिका होती. मला ती पटत नाही, पण तिला अज्ञान म्हणून निकालात काढणेही जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो वरवर अगदी समंजस वाटतो. परंपरेतील सत्य विज्ञानाकडे आपोआप गाळून येत नाही. चौथ्या शतकात गे होंग या चिनी वैद्याने तापांवरील उपायांत लिहिले होते की, मूठभर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवावे, पिळावे आणि निघालेला रस सगळा पिऊन टाकावा. हा उपाय सोळाशे वर्षे ग्रंथात पडून होता. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावरील औषधाची गुप्त मोहीम सुरू झाली, थू यूयू यांच्या गटाने सुमारे २,००० जुने उपाय गोळा केले, आणि या वनस्पतीच्या अर्काचे परिणाम कधी चांगले तर कधी नगण्य येत असताना त्यांचे लक्ष त्या ओळीतील ‘पिळावे’ या कृतीकडे गेले. तेथे उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे असे मानून १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध मिळाले आणि २०१५ मध्ये थू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वीच्या एखाद्या संपादकाने ‘अनावश्यक तपशील’ म्हणून ती कृती गाळली असती तर काय झाले असते, याचा आपणच विचार करावा.

कोणता तपशील अनावश्यक हे आधी ठरवता येत नाही, याचे आणखी एक उदाहरण आहे. दहाव्या शतकातील एका इंग्रजी हस्तलिखितात डोळ्याच्या संसर्गावर लसूण, त्याच कुळातील आणखी एक कंद, वाइन आणि बैलाचे पित्त पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवून लेप करण्याची कृती आहे. त्याच हस्तलिखितात एल्फ नावाच्या अदृश्य जीवांमुळे होणाऱ्या व्याधींवरही उपाय दिले आहेत, तेव्हा नऊ रात्री म्हणजे मंत्रतंत्राचा भाग असे कोणालाही वाटेल. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ही कृती जशीच्या तशी केली, तेव्हा तिने प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए या जंतूंचा मोठा नाश केला. सुटे घटक तेवढे प्रभावी ठरले नाहीत.

याच्या उलट, चुकीच्या कारणाने बरोबर ठिकाणी पोहोचल्याचीही उदाहरणे आहेत. विलो या झाडाच्या सालीने ताप उतरतो हे एडवर्ड स्टोन या पाद्रीने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. विलो दमट जागी वाढतो, थंडीतापही दमट जागीच होतो, आणि रोगाचा उपाय रोगाच्या जवळपासच असतो, हा त्याचा तर्क होता. तर्क निव्वळ सादृश्याचा होता. पण सालीतील सॅलिसिन खरोखरच ताप उतरवते. सर्पगंधेच्या बाबतीत सादृश्य अर्धेच फळले. सापासारख्या दिसणाऱ्या तिच्या मुळीचा सर्पदंशावर काही उपयोग नाही, परंतु उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर आहे; मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये त्याबद्दल लिहिले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

परंपरेचा अनुभव फसवतोही, आणि तो कसा फसवतो हे पाहण्यासाठी जादूच्या नोंदी फार उपयोगी पडतात. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने फेफरे येणाऱ्या एका मुलाची हकिगत लिहिली आहे. त्याच्या गळ्यात पिओनीची मुळी होती आणि कित्येक महिने त्याला झटका आला नव्हता. ती मुळी एकदा गळून पडली आणि लगेच झटका आला. दुसरी बांधली, मुलगा बरा राहिला. गेलनने मुद्दाम ती काढून पाहिली, पुन्हा झटका आला. मग मोठी, ताजी मुळी बांधल्यावर झटके थांबले. मुळीचे कण श्वासातून आत जात असावेत, असा अंदाज त्याने बांधला. हा माणूस निरीक्षण करत होता, मुद्दाम प्रयोग करत होता, स्पष्टीकरणही शोधत होता, आणि तरीही चुकला, कारण झटके येण्या-थांबण्याचा क्रम मुळात अनियमित असतो आणि त्याच्यापुढे मूल एकच होते.

शतकानुशतकांच्या वापरातून लवकर दिसणारे परिणाम बऱ्यापैकी कळतात: उलटी, जुलाब, गुंगी, घाम, ताप उतरणे. वर्षांनंतर दिसणारे परिणाम मात्र कळत नाहीत, कारण आज घेतलेल्या काढ्याचा संबंध दहा वर्षांनी निकामी झालेल्या मूत्रपिंडाशी कोण जोडणार? ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती प्राचीन काळापासून बाळंतपणात वापरली गेली. फुलाचा आकार गर्भाशयासारखा, म्हणून ती त्या कामी उपयोगी, हेही एक कारण सांगितले जाई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधील एका दवाखान्याच्या वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी, नावातील साम्यामुळे, ॲरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्यांपैकी ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका काढून टाकण्यात आल्या, त्यांतील १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. मग कोठे या वनस्पतीतील विषारी द्रव्य कर्करोगकारक म्हणून जगभर मान्य झाले. हजारो वर्षांच्या वापराने हा दोष दाखवला नाही. एकाच दवाखान्याच्या कागदपत्रांमुळे तो दिसला. म्हणूनच ‘मंत्राने बरे वाटते’ या वाक्यापेक्षा ‘पिढ्यानपिढ्या घेत आले, म्हणजे निर्धोकच’ हे वाक्य मला कितीतरी अधिक घातक वाटते. पहिल्या वाक्यावर आज फार थोडे लोक विसंबतात; दुसरे बाटलीच्या वेष्टनावर छापलेले असते.

आता तिसरा आक्षेप. माझ्या लेखांत वापराची नोंद असते, पण मात्रा आणि तयार करण्याची रीत मी जाणीवपूर्वक देत नाही. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याला १७७५ मध्ये अंगात पाणी साचून येणाऱ्या सुजेवरील एक घरगुती नुस्खा दाखवण्यात आला. त्यात वीसएक वनस्पती होत्या, आणि गुण फॉक्सग्लव्ह या वनस्पतीचा आहे हे त्याने लवकर ओळखले. परंतु किती द्यावे, पाने कोणत्या ऋतूत तोडावीत आणि कोठे थांबावे हे ठरवायला त्याला दहा वर्षे लागली, आणि १७८५ च्या ग्रंथात त्याने फसलेले उपचारही नोंदवले. उपयोगी आणि विषारी मात्रेतील अंतर इतके थोडे आहे की, पाने कॉम्फ्री या दुसऱ्या वनस्पतीची समजून फॉक्सग्लव्हचा चहा घेतलेल्या लोकांना विषबाधा झाली आहे. आणि कॉम्फ्री स्वतः पोटात घेणेही यकृताला घातक आहे.

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घ्यावी का, हा आपण विचारलेला प्रश्न याच संदर्भातला आहे. ती युरोपात भुताखेतांपासून रक्षण म्हणून दारावर टांगली जात असे, आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा उपयोग होतो हे चाचण्यांत दिसले आहे. मात्र ती यकृतातील विकरे वाढवून गर्भनिरोधक गोळ्या, सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे औषध) आणि एचआयव्हीवरील काही औषधे यांचा परिणाम कमी करते. तेव्हा यांपैकी कोणतेही औषध चालू असल्यास ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारावर टांगण्यास माझी हरकत नाही.