आई दाखवा

सकाळी सकाळी एका मैत्रिणीचा मेसेज. टोपलीत बसवलेलं, गळ्यात लाल रिबीन बांधलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. खाली लिहिलंय, "एकच उरलंय म्हणे, आजच टोकन द्यायचंय. ३० दिवसांचं आहे. कसलं गोड आहे ना गं!"

गोड आहेच. ३० दिवसांचं कुठलं पिल्लू गोड नसतं? पण माझं डोकं फिरलं ते त्या आकड्यानं. अहो, डोळे उघडून त्याला जेमतेम अडीच आठवडे झालेत! निदान आठ आठवडे तरी पिल्लू आईपाशी, भावंडांत हवं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ मोडतं. दात कितपत लावायचे हे ते तिथंच शिकतं. ते शिकायच्या आत उचलून आणायचं आणि मग "आमचा फार चावतो हो" म्हणून ट्रेनर शोधत फिरायचं.

मला तरी कुठे कळत होतं म्हणा. आमचा बंड्या आला तो गाडीच्या डिकीतून. फोनवर बोलणं झालं, रस्त्याच्या कडेला भेट ठरली, डिकी उघडली, खोका बाहेर. आत तीन पिल्लं, एकमेकांच्या अंगावर झोपलेली. मी विचारलं, "याची आई?" तो म्हणाला, "ताई, आई फार्मवर आहे." आणि मी मान डोलावली. शिकलीसवरलेली बाई मी, मान डोलावली!

कार्डावर दोन लसींच्या नोंदी होत्या. पस्तीस दिवसांच्या पिल्लाला दोन लसी. पहिलीच लस सहा ते आठ आठवड्यांना देतात, हे मला चार दिवसांनी कळलं, बंड्याला रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणूचा आजार. व्हेटनी ते कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सलाइन लावलं. त्या बघण्याची आठवण आजही नको वाटते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे आजार बहुधा त्या खोक्यातूनच आमच्या घरी आला. उरलेल्या दोघांचं काय झालं, कुणाला विचारणार? त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

आता कमेंटमध्ये "विकत कशाला, दत्तक घ्या" येईलच. बरोबर आहे तुमचं, मान्य. पण लोक विकत घेणारच आहेत, तर निदान डोळे उघडे ठेवून घ्या एवढंच म्हणतेय. आणि "बिचारं वाटलं म्हणून सोडवून आणलं" असं म्हणणाऱ्यांनो, रागावू नका, पण तुम्ही सोडवलं नाहीत, गिऱ्हाईक झालात. तुमच्या पैशावर तीच मादी पुढच्या माजाला पुन्हा लावली जाते. दर वेळी. ती थकेपर्यंत. मग ती कुठे जाते ते विचारायची माझी तरी हिंमत नाही.

इंग्लंडमध्ये २०२० पासून दुकानदाराला, दलालाला सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. ज्यानं जन्माला घातलं त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि त्यानं ते आईसोबत दाखवायचं. म्हणजे आख्खा कायदा मी डिकीपाशी विचारलेल्या त्या एका प्रश्नावर उभा आहे. फक्त मी उत्तरासाठी थांबले नाही.

बंड्या पार्व्होतून वाचला. चौदाव्या महिन्यात मागच्या पायानं लंगडायला लागला. एक्स-रे काढला तर खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसतच नाही. हे बरंचसं आईबापाकडून येतं. म्हणून चांगले ब्रीडर नर-मादी दोन वर्षांचे झाल्यावर त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढतात, मगच मेटिंगचं बघतात. आणि तुम्ही मागण्याआधी रिपोर्ट समोर ठेवतात. "पेपरवालं आहे", म्हणजे वंशावळीचा कागद आहे, याला भुलू नका. पेपरवर आजा-पणजा असतो, खुबा नसतो.

मध्यंतरी दुसरं पिल्लू घ्यायचं मनात आलं तेव्हा एका बाईंकडे गेले होते. त्यांनी माझी परीक्षाच घेतली. दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर? पहिल्याला दुखणं आहे, त्याच्या अंगावर पिल्लू उड्या मारेल, चालेल? सांभाळता आलं नाही तर परत मलाच आणून द्यायचं, लिहून द्याल? मी मनातून वैतागले. पैसे मी देणार आणि चौकशी माझी! तेवढ्यात पिल्लांची आई आली, माझे हात हुंगले आणि माझ्याच पायाशी लोळली. पिल्लं तिच्यावर तुटून पडली. मी तिथेच फतकल मारून बसले, उठवेना.

त्यांनी पिल्लू दिलं नाही. "आधी आहे त्याचं बघा," म्हणाल्या. दोन दिवस मी धुसफुसत होते. आता कुणीही विचारलं की त्यांचाच नंबर देते, आणि थांबायची तयारी ठेवा म्हणून सांगते, कारण त्यांच्याकडे पिल्लं कायम नसतातच.

बंड्या नऊ वर्षांचा आहे. जिना चढायचा असला की खाली उभा राहून माझ्याकडे बघतो, मग मी टॉवेल पोटाखालून घालते आणि आम्ही दोघं चढतो. हे लिहितेय तेव्हा पायाशी घोरतोय.

मैत्रिणीला सकाळीच एक ओळ पाठवली होती, "टोकन देऊ नकोस, आधी आई दाखवा म्हण." आत्ता तिचं उत्तर आलं.

"विचारलं गं. आई फार्मवर आहे म्हणाले."