मुलं झाली की अंडाशयाचा कॅन्सर होत नाही? हे फॉरवर्ड करू नका प्लीज

नातेवाईकांच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, की जिला मूल नाही तिला अंडाशयाचा कॅन्सर होतोच, दोन मुलं झाली की भीती संपली, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी हा कॅन्सर होतो. माझ्या ज्या काकूला मूल नाही तिनेही तो वाचला असणार, म्हणून लिहितेय.

"होतोच" हे साफ चूक. मूल नसलेल्या बाईला धोका थोडा जास्त असतो, हे खरंय. पण मुळात हा कॅन्सर कमी जणींना होतो, अमेरिकेत आयुष्यभरात शंभरात साधारण एकीला, त्यामुळे धोका थोडा वाढला तरी मूल नसलेल्या बहुतेक बायकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. घाबरवताय कशाला?

आता दोन मुलांचं. दिवस गेले की अंडं बाहेर पडायचं थांबतं, अंगावर पाजताना पण बऱ्याचदा थांबतं, आणि दर महिन्याला अंडं बाहेर पडताना अंडाशयाची होणारी फाटाफूट कमी झाली की धोका कमी होतो असा विचार १९७१ मध्ये फथल्ला नावाच्या डॉक्टरांनी मांडला होता. प्रत्येक बाळंतपणाने धोका आणखी थोडा उतरतो, पण शून्य कधीच होत नाही. आईवडिलांकडून येणाऱ्या बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष असेल तर मुलं असूनही धोका खूप जास्त राहतो, म्हणून आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. माझ्या आत्याला तीन मुलं, पोट फुगायचं तर सगळे गॅस गॅस म्हणत राहिले, चार महिने ओवा खात होती बिचारी, आणि कळलं तेव्हा तिसरी स्टेज.

गोळ्यांचं तर अगदी उलटंय. २००८ मध्ये २१ देशांतल्या ४५ अभ्यासांचा डेटा एकत्र करून पाहिला, तर १५ वर्षं गोळ्या घेतलेल्यांचा धोका जवळपास निम्मा निघाला. गोळ्या चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, त्यामुळे मनाने सुरू करू नका, पण अंडाशयाच्या कॅन्सरचा आळ त्यांच्यावर नको.

दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज पोट फुगतंय, चार घास खाल्ले की पोट भरतंय, ओटीपोटात दुखतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, असं नव्याने सुरू झालं असेल तर गायनॅककडे जा, सोनोग्राफीचं विचारा. मुलं किती आहेत ते मोजत बसू नका.