बसायची सोय

गळू यायला अंगावर जागा काय कमी आहे? पण ते येतं नेमकं बैठकीवर. मग बडोद्यात दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत स्कूटरवर जाताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा वेगळा ओळखू येतो. "काय हो, उभ्याउभ्याच चहा?" असं विचारणाऱ्याला मी तरी खरं उत्तर देत नाही.

आत काय चाललंय ते कळल्याने ठणका कमी होत नाही, पण शिव्या योग्य पत्त्यावर जातात. दोष एकट्या जंतूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींची, न्यूट्रोफिलची, झुंबड उडालेली असते. जंतूंच्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते. त्याचे तुकडे आसपास पसरले, की सेवउसळीच्या तर्रीचा वास गल्लीच्या तोंडाशी यावा तसा पेशींना सुगावा लागतो. पेशी 12 ते 15 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते. वेग मिनिटाला साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरला दीड तासाच्या वर. दिवाळीआधी मंगळ बाजारातून गेलेल्याला हा वेग बरा वाटेल. पोचतात, लढतात, मरतात, त्याचाच पू.

आता औषध: डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. जंतूंचं प्रथिन बनवणं बंद पाडणं ही त्याची नोकरी. जोडधंदा असा, की ते ज्या टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं, तिथली औषधं न्यूट्रोफिलच्याही चालीत खोडा घालतात. पेनिसिलिन बिचारं असल्या भानगडीत फारसं पडत नाही. अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं घराणं वेगळं: ते पेशींना बोलावणाऱ्या आयएल-8 (इंटरल्यूकिन-8) या निरोप्या प्रथिनाचाच आवाज बसवतं. चेहरा लाल होणाऱ्या रोझेशियात तर रोज 40 मिलिग्रॅम डॉक्सी देतात. तेवढ्याने जंतू मरत नाहीत. आपल्याच पेशींना जरा शिस्त लागते.

पेशींची ही चाल मोजायचं प्रयोगशाळेतलं भांडं बॉइडन या संशोधकाने 1962 साली पुढे आणलं. मध्ये 3 मायक्रॉन छिद्रांची गाळणी, खाली आमिष म्हणून पेशींना खेचणारं रसायन, वर पेशी. 37 अंशांवर तासभर ठेवायचं आणि किती पलीकडे गेल्या ते मोजायचं. गाळणीखाली हवेचा बुडबुडा राहिला तर तिथली वाहतूक ठप्प. आमिष जास्त झालं तरी पेशी जागच्या जागी खिळतात, लग्नाच्या पंगतीत माणसं मठ्ठ्यापाशी खिळतात तशा. आणि भांड्यात मिलीलीटरला 50 मायक्रोग्रॅम औषध ओतून "पेशी थांबल्या!" अशी बोंब मारू नये. 200 मिलिग्रॅम गिळल्यावर रक्तात जेमतेम अडीच-तीन मायक्रोग्रॅम दिसतं.

घरी करायचं ते एवढंच: पिळायचं नाही, दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं ऊन फडक्याने शेकायचं. मोठं असेल तर डॉक्टरांकडून चीर. साचलेल्या पुवात औषध नीट शिरत नाही. कॅल्शियम, लोह, अँटॅसिड हे डॉक्सीच्या गोळीपासून दोनेक तास लांब. टेट्रासायक्लिनच्या घराण्याचं कॅल्शियमशी हाडवैर म्हणावं, तर ते हाडांना आणि दातांनाच जाऊन चिकटतं. म्हणून लहान मुलांना जपूनच देतात.

गोळीबरोबर पेलाभर पाणी हवंच, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. म्हणजे गोळी म्हणते झोपू नका, गळू म्हणतं बसू नका. रात्रीचा डोस नऊच्या आत घ्यावा असं मी सुचवेन. तेव्हा सूरसागर तलावाभोवती फेऱ्या मारणारे आणखी चार लोक तरी असतात.