साडेपाचची प्रार्थना आणि साडेसातचे नाटक

लंडनहून परतल्यावर मी येथे एकच छायाचित्र टाकले होते, थेम्स नदीच्या दक्षिण काठावरील सदर्क कॅथेड्रलचे. त्याखाली गावातल्या माझ्या भाच्याने लिहिले, "मामाजी, तुमी चर्चात प्रार्थनेले बसले म्हणते. इकडचे देव कमी पडले का जी?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्यावर अनेकांनी हसून संमती दर्शवली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मुलीकडे तीन आठवडे मुक्काम होता. राजवाडा, घड्याळाचा मनोरा, संग्रहालये हे सर्व रीतीप्रमाणे पाहून झाले आणि त्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या दारात मात्र एक गोष्ट लक्षात आली. आत जाऊन वास्तू पाहायची असेल तर बऱ्यापैकी महागडे तिकीट काढावे लागते, पण प्रार्थनेला बसायचे असेल तर कोणी एक पैसा मागत नाही. घुमटाखाली मान वर करून फिरणारा पाहुणा आणि बाकावर बसलेला माणूस यांत तेथील व्यवस्थेनेच फरक केला आहे, आणि तो मला पटला. त्या दिवशी आम्ही तिकीट काढले नाही. दोन दिवसांनी सदर्क कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थनेला गेलो.

या सायंप्रार्थनेला तिकडे 'इव्हनसाँग' म्हणतात. तिची मांडणी १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकापासून चालत आलेली आहे. स्तोत्रे, बायबलमधील दोन वाचने, दोन ठरलेली गीते आणि शेवटी याचना, असा साधारण पाऊण तासाचा क्रम असतो. बहुतेक गायन गायकवृंदच करतो. जमलेल्यांनी वेळेवर उभे राहावे, वेळेवर बसावे आणि ऐकावे. भाकरी आणि द्राक्षरसाचा प्रसाद या प्रार्थनेत नसतो, त्यामुळे मी घ्यावा की नाही, हा संकोचही उरला नाही. आम्ही सारे मिळून तीसेक जण होतो. गायकांची तयारी मात्र हजार माणसे यावीत अशी होती आणि बाके रिकामी आहेत म्हणून एकही ओळ गाळली गेली नाही.

तेथे बसल्याबसल्या मला आमच्या गावातील सामुदायिक प्रार्थना आठवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती घालून दिली ती सर्व धर्मपंथांच्या लोकांना एकत्र बसता यावे म्हणूनच. विदर्भातील कितीतरी गावांत दिवेलागणीला आजही ती होते. आमच्याकडे कधी चाळीस जण असतात, कधी चार म्हातारे आणि खंजिरीवाला. चार असले की दोन कडवी सोडून आटोपते घेण्याकडे आमचा कल असतो, आणि त्यात मीही असतो, हे कबूल करतो. ज्या प्रार्थनेत लहानपणापासून 'सर्वांना घेऊन बसा' हेच शिकलो, तिच्यावर वाढलेल्या माणसाने परक्या प्रार्थनेत गप्प बसून ऐकले, तर यात बाटण्यासारखे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही.

पुढची हकीकत भाच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे, कारण तो आमच्या नाट्यमंडळाचा खजिनदार आहे. सदर्कच्या त्याच चर्चमध्ये विल्यम शेक्सपिअरचा धाकटा भाऊ एडमंड याचे दफन झाले. तोही नट होता. ३१ डिसेंबर १६०७ रोजी त्याच्यासाठी मोठी घंटा वाजवण्यात आली आणि या अंत्यविधीला वीस शिलिंग पडले, अशी नोंद आहे. त्या काळी लंडन शहराच्या कारभाऱ्यांना नाटके नको होती, म्हणून नाटकशाळा नदीपलीकडे, या चर्चच्या आसमंतात उभ्या राहिल्या. धर्मोपदेशक नाटकांविरुद्ध बोलत, आणि नटांची नावे याच चर्चच्या दप्तरात लिहिली जात. आमच्याकडेही नाटकातील लावणीला नाक मुरडणारे बुवा पाहुण्यांना घेऊन त्याच नाटकाला पुढे बसलेले मी पाहिले आहेत.

प्रार्थना संपली आणि नदीकाठाने दहा मिनिटे चालून आम्ही शेक्सपिअरच्या नाटकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लोब नाटकशाळेत पोहोचलो. मूळ ग्लोब १५९९ मध्ये बांधले गेले, तेही उत्तरेकडील एका जुन्या नाटकशाळेची लाकडे उतरवून, नदीपार आणून. १६१३ मध्ये प्रयोगात तोफ उडवली, छपराच्या गवताने पेट घेतला आणि सर्व जळाले. आजची इमारत सॅम वानामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासातून मूळ जागेजवळच उभी राहिली आणि १९९७ मध्ये खुली झाली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराची परवानगी प्रथमच मिळाली ती हिला. ते छप्पर पाहून मला आमच्या गोठ्यावरचे तणस आठवले, हे मुलीला सांगितले तेव्हा ती हसली.

मधले अंगण उघडे आहे. तेथे सुमारे सातशे माणसे उभी राहतात, आम्ही गेलो तेव्हा तिकीट पाच ते दहा पौंड होते. खाली बसायला मनाई, छत्री उघडायला मनाई. पाऊस आला, आम्ही भिजलो आणि नटही मंचाच्या कडेला येऊन आमच्यासोबत भिजले. ध्वनिवर्धक नव्हता. अंगणातले दिवेही मालवत नाहीत, त्यामुळे नटाला प्रेक्षकाचा चेहरा दिसतो, आणि एक नट सरळ माझ्याकडे पाहून वाक्य बोलला. इंग्रजी मला चार आणेच कळले असेल, पण त्या वाक्यावर सगळ्यांआधी मी हसलो.

धान निघाल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, रात्र रात्र चालणारी आमची नाटके ज्यांनी पाहिली, त्यांना हे नवे नाही. गडचिरोलीतील वडशाच्या नाटक कंपन्या मंच घेऊन मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी येतात, वादक मंचासमोर बसतात, 'वन्स मोअर' झाला की गाणे पुन्हा होते आणि पहाटे लोक घोंगडी झटकून सरळ कामाला लागतात. २०२३ मध्ये या नाटकांतील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील माझ्या परिचितांनी 'झाडीपट्टी म्हणजे नेमके काय' असे मला प्रथमच विचारले. तोवर आम्हीही पाहुण्यांसमोर या नाटकांविषयी जरा ओशाळूनच बोलत होतो. ग्लोबच्या अंगणात उभे राहण्यासाठी जगभरातून लोक येतात, हे पाहून त्या ओशाळेपणाचा मला राग आला. एक तक्रार मात्र आहेच: आमचे भोंगे इतके मोठे असतात की नटाचा आवाज हरवतो, आणि हे मी खजिनदारालाच सांगतो आहे.

गावातही तीच माणसे संध्याकाळी प्रार्थनेला आणि रात्री नाटकाला असतात. त्या संध्याकाळी लंडनमध्ये मी एवढेच केले. गेली दहा वर्षे मी गुडघ्यांचे निमित्त सांगून खुर्चीचे तिकीट काढतो. ग्लोबमध्ये त्याच गुडघ्यांवर जवळजवळ तीन तास उभा होतो. तेव्हा भाचेबुवा, यंदाच्या मंडईला माझे तिकीट खालच्या बैठकीचे काढा, आणि त्या संध्याकाळी प्रार्थनेला तुम्हीही या. सगळी कडवी म्हणू.