पावसाच्या खाड्याचे पैसे कोणी द्यायचे?

जून उजाडला की आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचं रडगाणं सुरू होतं. माणसं मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत. टिकलीच तर गणेशचवथीला गावी जातात आणि फोन उचलायचे बंद होतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत लॉन आणि बागा सांभाळणाऱ्या कुठल्याही छोट्या ठेकेदाराला विचारा, हेच ऐकवेल. मीही याच धंद्यातला. उत्तर गोव्यात हॉटेलांचे लॉन, काही व्हिला, सोसायट्या आणि पावसाळ्यात भाटांमधली, म्हणजे माडाच्या बागांमधली गवतकापणी, असा माझा पसारा. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. माणसं मिळतात. आपण त्यांना ज्या अटींवर ठेवतो, त्या अटींवर आपण स्वतः एक महिना काढणार नाही, इतकंच.

घोळ कुठे आहे ते सांगतो. गवत वाढतं पावसात, आणि पावसातच ते कापता येत नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत लॉनला आठवड्याला एक कापणी हवी असते. पण ओल्या गवतावर मशीन घातलं की गवताचे गोळे होऊन पात्याभोवती अडकतात, मागे पडलेल्या लगद्याखाली बुरशी धरते, आणि चाकं रुतून असे चर पडतात की ते भरायला दिवाळी उजाडते. उतारावर ब्रश कटर, म्हणजे हातात धरून चालवायचं गवतकापणीचं मशीन घेऊन उभं राहायचं तर पाय निसटणं म्हणजे थेट पात्याशी गाठ. म्हणून समजूतदार ठेकेदार काम थांबवतो. बरोबरच आहे ते.

पण काम थांबलं की हजेरी थांबते. गड्याचा त्या दिवशी खाडा. हा खाडा त्याने केलेला नाही, आभाळाने केला आहे, तरी पैसे त्याचेच कापले जातात. सहा जण एका खोलीत बसलेले, बाहेर धो धो पाऊस, खोलीचं भाडं चालू, गॅस चालू, गावाकडून पैसे कधी पाठवतोस म्हणून फोन. पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा पत्त्यांत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी बातमी आणतो की शेजारच्या इमारतीत टाइल्सवाल्याला हेल्पर हवे आहेत. टाइल्सचं काम छपराखाली चालतं, तिथे पावसाचा खाडा नाही. झालं. चौथ्या दिवशी ऊन पडतं, तुम्ही टेंपो घेऊन खोलीवर जाता आणि खोलीत दोघंच.

मग आपण म्हणतो, ह्या लोकांना निष्ठा नाही.

माझ्याकडे गेली काही वर्षं एक पद्धत आहे. जून ते सप्टेंबर महिन्याला 22 दिवसांची हमी. पावसाने 15 दिवसच काम झालं तरी पगार 22 दिवसांचा. 22 च्या वर झालं तर तेवढे दिवस जास्त. ही गोष्ट कागदावर लिहून दिलेली असते, मराठीत आणि हिंदीत, कारण तोंडी हमी पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. ज्या दिवशी कापणी नाही त्या दिवशी कोणी रिकामं बसत नाही. पाती घासून धार लावायची, कार्बोरेटर साफ करायचा, एअर फिल्टर धुवायचा, शेडखाली रोपांच्या पिशव्या भरायच्या. तेही नसेल तर घरी बसा, पगार मिळेल.

यावर धंद्यातल्या एका जुन्या मित्राचा मला फोन आला होता. म्हणाला, "बाबा, तू त्यांना सवय लावून ठेवतोस. मग आमच्याकडे पण मागायला लागतात." मी म्हटलं, मागू देत की. तो म्हणाला, "तुला परवडतं, आम्हाला नाही परवडत." तर हे परवडण्याचं गणित उघड्यावर मांडूया.

समजा हजेरी 900 रुपये आणि टोळी सहा जणांची. एखादा जुलै फारच वाईट गेला आणि सात दिवसांची हमी भरावी लागली, तर 37,800 रुपये. आकडा लहान नाही, मान्य. आता दुसरी बाजू. टोळी फुटली की हाताला लागेल तो नवा माणूस मशीनवर उभा राहतो. टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तो नुसतं पेट्रोल ओततो आणि इंजिन जॅम. मशीनची गवत कापणारी नायलॉनची दोरी कोवळ्या माडाच्या बुंध्याला घासून तो साल सोलून काढतो. ठिबकची नळी कापतो, स्प्रिंकलरची डोकी उडवतो. आणि कापायच्या आधी दगड वेचले नाहीत तर पात्याखालचा एक चिऱ्याचा तुकडा व्हिलाच्या काचेच्या दारावर जातो. त्या एका दाराच्या किमतीत माझी जुलैची हमी निघते. वर तो ग्राहक जातो तो वेगळाच.

पण खरा पेच ग्राहकाशी आहे. हमीचे पैसे माझ्या खिशातून वर्षानुवर्षं जाऊ शकत नाहीत, ते कामाच्या दरातच बसले पाहिजेत. म्हणून मी कापणीवर पैसे घेणं बंद केलं. बाराही महिने सारखा हप्ता, वर्षाचा करार. एका सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "जुलैत दहा दिवस कोणी फिरकलं नाही, मग पूर्ण महिन्याचे पैसे का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मॅडम, एप्रिलमध्ये दररोज माणूस पाणी घालायला येतो, तेव्हा तुम्ही जास्त देता का? ऑक्टोबरात पाऊस सरला की एका आठवड्यात सगळं रान काढून आवार साफ होतं, तेव्हा जास्त देता का? हप्ता गवताच्या वाढीचा नाही, माणूस वर्षभर हाताशी असण्याचा आहे. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या एका सोसायटीने नाही डोलावली, त्यांनी सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतलं. घेऊ देत. स्वस्त कोटेशन म्हणजे कुणाच्या तरी खाड्याचे पैसे त्यातून वजा झालेले असतात, एवढं मात्र मी त्यांना सांगून आलो. (थोडं चढ्या आवाजात सांगितलं, पण सांगितलं.)

आता "आपली पोरं काम करत नाहीत, भायल्यांनाच (बाहेरच्यांनाच) घ्यावं लागतं" ह्या विषयाकडे येतो, कारण कॉमेंटमध्ये ते येणारच. माझ्याकडे पेडण्याची आणि पलीकडच्या दोडामार्गची पोरं आहेत. मशीनवर त्यांचा हात बसला की बघत राहावं. ती काम सोडतात ती आळसाने नाही. सरकारी महामंडळातून हाउसकीपिंग किंवा सिक्युरिटीत घेतलं तर दिवसाच्या हिशेबात माझ्यापेक्षा कमी मिळत असेल, पण महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येतो. लग्नाची बोलणी करायला गेलं की मुलीकडचे विचारतात, पगार किती. हजेरी किती, असं कोणी विचारत नाही. म्हणजे दुखणं तेच, गावचा असो की बाहेरचा. बेळगाव-कोप्पळकडचा गडी टाइल्सवाल्याकडे जातो, पेडण्याचा पोरगा महामंडळात. दोघंही पळतात ते खाड्यापासून.

सुट्ट्यांचंही तसंच. माणूस सणाला घरी जाणारच. त्याला अडवून काही होत नाही, तो न सांगता जातो एवढंच. माझ्या शेडच्या भिंतीवर कॅलेंडर आहे त्यात आधी सण लिहिले जातात, मग ग्राहकांच्या तारखा. चवथीला आमची पोरं नसतात, तेव्हा ओडिशा-झारखंडची पोरं काम ओढतात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, तेव्हा बिहार-झारखंडवाले गावी आणि गावची पोरं हजर. नाताळात ख्रिश्चन पोरांना सुट्टी, नेमका तोच आठवडा हॉटेलांच्या लॉनवर पार्ट्यांचा, म्हणून तिथे हिंदू पोरं. फेब्रुवारीत काजू सुरू झाला की सत्तरी तालुक्याकडची बाई-माणसं खुरपणीला येत नाहीत, स्वतःच्या बागायतीत बोंडं वेचायला जातात. त्यांना नाव ठेवण्यात अर्थ नाही, वर्षाचा पैसा असतो तो. लव्हाळा हे चिवट तण मात्र त्यांच्यासारखं मुळासकट कोणी काढत नाही, हे लिहून ठेवतो. मशीनवाले फक्त वरून उडवतात आणि आठ दिवसांत तो परत डोकं काढतो. तरी हजेरी लावताना खुरपणीची बाई मशीनवाल्यापेक्षा खाली. हा प्रकार मला कधी पटलेला नाही, म्हणून माझ्याकडे आठवड्याला दोन दिवस मशीनवाल्याच्या हातातही खुरपं असतं.

एकाच गावची अख्खी टोळी मुकादमाकडून उचलायची पद्धत सोपी वाटते. मुकादम उचल देतो, माणसं आणतो, डोक्यामागे आपलं काढतो. पण मग ती माणसं तुमची नसतातच. मुकादमाला कांदोळीत दहा रुपये जास्त मिळाले की सगळी टोळी एका रात्रीत उठते. त्यापेक्षा एकेक माणूस, पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात. गावी जाताना तिकिटाचे पैसे मी देतो, परत आल्यावर परतीचेही. आणि जूनची माणसं मार्चमध्येच ठरलेली असतात. 2025 ला मान्सून मे संपायच्या आतच गोव्यात शिरला. बऱ्याच जणांच्या टोळ्या तेव्हा गावी पेरणीच्या तयारीत होत्या आणि इथे गवत गुडघ्याला लागलं. ज्यांनी माणसांशी आधीच तारखा बोलून ठेवल्या होत्या त्यांनी निदान फोन तरी केले. बाकीचे नाक्यावर गेले.

नवीन माणूस घेताना मी मुलाखत वगैरे घेत नाही. एक दिवस काम, त्या दिवसाची पूर्ण हजेरी, ठेवला नाही तरी. फुकट ट्रायल घेणारे ठेकेदार आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर पोस्ट काढून टाकावी लागेल. मी बघतो ते असं: मशीन सुरू करण्याआधी तो जागेवरून एक फेरी मारून दगड, तारा, बाटल्या वेचतो का. शेजारून कोणी चाललं तर आक्सिलेटर सोडतो का. मशीन खाली ठेवताना पातं कुठे आहे ते बघतो का. बाकी सगळं शिकवता येतं.

विम्याबद्दल एवढंच. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहे. 21,000 पर्यंतच्या पगाराला मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. दहापेक्षा कमी असतील तर विमा कंपन्यांची डब्ल्यूसी पॉलिसी (कामावरच्या अपघाताची भरपाई देणारी) मिळते, हप्ता असा काही जीव जाण्याजोगा नाही. गॉगल, पोटरीला गार्ड, गमबूट हे माझ्या खर्चाने, कापून घेत नाही. गवतात फुरसं असतं, घोणस असते. साप चावला तर बांधाबांध, कापाकापी काही नाही, हलू न देता 108 बोलवायची आणि इस्पितळ गाठायचं, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोंडपाठ करायला लावतो. पावसात साचलेल्या पाण्यात उभं राहून काम असेल तर लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) टाळायच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात घेऊन जातो. आणि जानेवारी ते मे सत्तरीच्या रानालगत काम असेल तर गोचिड्यांमुळे होणाऱ्या माकडतापाची भीती असते. 2015 साली पाळी गावात या तापाने काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा. गोचिड्यांसाठी अंगाला लावायचं डेपा तेल मिळतं, ते लावल्याशिवाय रानात पाय नाही. अजून एक, जे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं: परराज्यातल्या माणसाला त्याच्या रेशनकार्डावर गोव्यातल्या दुकानात धान्य मिळतं, 2020 पासून. खोलीचा खर्च तेवढा हलका होतो. दुकानदार टाळाटाळ करतो, म्हणून पहिल्यांदा मी सोबत जातो.

अमेरिकेतही हेच दुखणं आहे. तिथे लॉनवाल्यांना हंगामी माणसं परदेशातून आणायला एच-2बी नावाचा व्हिसा आहे, कायद्याने वर्षाला 66,000 ची मर्यादा, आणि तो सर्वाधिक वापरणाऱ्यांत लँडस्केपिंगवालेच आहेत. म्हणजे अख्ख्या देशाने कायदा करूनसुद्धा तिथला ठेकेदार "माणसं मिळत नाहीत" म्हणतोच. पण तिथे निदान अर्ज करतानाच लिहून द्यावं लागतं की कबूल केलेल्या दिवसांपैकी तीन-चतुर्थांश दिवसांचं काम किंवा तेवढे पैसे देईन. आमच्याकडे ही गोष्ट बोलली की सवय बिघडते.

माझ्या त्या मित्राने परवा पुन्हा फोन केला, 22 ऐवजी 18 दिवसांची हमी दिली तर चालेल का विचारायला. मी म्हटलं 18 ने सुरुवात कर, पण कागदावर लिही.

आता कामाचं. येत्या जूनसाठी मला चार जण हवे आहेत, दोन मशीनवर, दोन खुरपणीला. पेडणे, बार्देश, डिचोली जवळ पडेल. मशीन येत नसेल तरी चालेल, शिकवतो. खुरपणीला बायका असतील तर उत्तम, हजेरी मशीनवाल्याएवढीच. हमी 22 दिवसांची, विमा आमचा, चवथीचे पाच दिवस सुट्टी. ओळखीत कोणी असेल तर मेसेज टाकायला सांगा.