त्या मधल्या वेळातच तर खरी धमाल!

लेखात बेसबॉलला रटाळ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. दोन चेंडूंमधल्या वेळातच तर चाहत्यांची चिडवाचिडवी रंगते! शिकागो कब्ज या संघवाल्यांना तर १९४५ साली एका चाहत्याच्या बोकडाला मैदानात न घेतल्यानं लागलेल्या शापावरून पिढ्यान्‌पिढ्या छळलं लोकांनी. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, कब्ज विरुद्ध क्लीव्हलँड हा सातवा सामना आठवा. आठव्या इनिंगमध्ये (डावात) क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर!), ६-६ बरोबरी, क्लीव्हलँडचं मैदान नुसतं पेटलेलं! नवव्या इनिंगनंतर पाऊस, १७ मिनिटं खेळ बंद. (अशा वेळी दोन्हीकडचे चाहते गप्प बसतात होय?) जादा दहाव्या इनिंगमध्ये कब्जच्या झोब्रिस्टचा डबल (दोन बेस गाठून देणारा फटका), शेवटी ८-७, आणि १०८ वर्षांनी कब्ज विजेते! असा सामना एकदा विरुद्ध संघाच्या चाहत्याशेजारी बसून बघाच, मग सांगा रटाळ आहे का ते.