बेटांवरच्या जिवांचे प्रदर्शन आणि चित्रातला खरेपणा

बेटांवरच्या मूळच्या जीवसृष्टीचा गौरव करणारी, लोकसहभागातून उभी राहिलेली काही चित्रप्रदर्शने मी पाहिली आहेत आणि एका प्रदर्शनाच्या मांडणीत थोडा हातभारही लावला आहे. ज्यांनी शाळा सुटल्यापासून कुंचल्याला हात लावला नव्हता अशी माणसे मुलानातवंडांच्या शेजारी बसून एखाद्या कासवाची पाठ रंगवतात, हे पाहताना मला मनापासून आनंद होतो. तरीही या प्रदर्शनांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांत उत्साह असतो, रंग तर उधळलेले असतात. पण ज्या प्राण्याचे किंवा झाडाचे चित्र म्हणून ते भिंतीवर लावलेले असते, तो प्राणी किंवा ते झाड त्यात पुष्कळदा नसतेच. बेटावरच्या जिवाचे चित्र काढणाऱ्याने ते देखणे करण्याआधी अचूक करावे आणि आयोजकांनी ही अपेक्षा गोड शब्दांत पण ठामपणे सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हट्ट कशासाठी, हे समजून घ्यायला डोडोचे उदाहरण पुरेसे आहे. १५९८ साली डच खलाशी मॉरिशसला उतरले आणि डोडो जिवंत पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद १६६२ची आहे. म्हणजे माणसाला हा पक्षी नीट न्याहाळायला एक आयुष्यही पुरते मिळाले नाही. मागे राहिली ती थोडी हाडे, काही प्रवासवर्णने आणि चित्रे. त्या चित्रांपैकी सर्वाधिक गाजली ती रोलांट सेव्हरी या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेली. त्यांतला डोडो बुटका, फुगलेला, पोट जमिनीला टेकेल की काय असा लठ्ठ आहे. बंदिवासात खाऊन सुस्तावलेला पक्षी किंवा भुसा भरलेले कातडे पाहून ही चित्रे काढली असावीत, असे अभ्यासक मानतात. पण पुढच्या चित्रकारांनी सेव्हरीचीच नक्कल केली, आणि लठ्ठ, मठ्ठ, मरायलाच जन्माला आलेला पक्षी ही डोडोची प्रतिमा जगभर पक्की झाली. हाडांचा नीट अभ्यास झाल्यावर हा पक्षी त्याहून सडपातळ आणि ताठ उभा राहणारा होता, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले. तोवर सुमारे तीनशे वर्षे एका चित्राने एका जातीची बदनामी केली होती.

याच डोडोचे दुसरे एक चित्र आहे. जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावे सांगितले जाणारे हे लघुचित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच काळात सुरतेला दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, त्यामुळे मुघल चित्रकारासमोर जिवंत पक्षी असणे सहज शक्य होते. या चित्रावर अभ्यासक विश्वास ठेवतात त्यामागचे कारण मला फार आवडते. डोडोच्या भोवती त्याच कागदावर आणखी काही पक्षी काढलेले आहेत, त्यांत पट्टकादंब हंस आहे, पखुर्डी आहे, आणि हे पक्षी आजही आपल्याला पाहता येत असल्याने ते किती बरोबर काढले आहेत ते पडताळता येते. ज्या हाताने हंसाच्या डोक्यावरचे पट्टे चुकवले नाहीत, त्याने डोडोही चुकवला नसणार.

आता कोणी म्हणेल की मन्सूर कुठे आणि रविवारच्या कार्यशाळेत रंगांत बरबटलेली मुले कुठे. हौशी माणसांच्या आनंदावर मास्तरकी कशाला करायची? या आक्षेपात तथ्य आहे असे मला वाटत नाही, कारण अचूकपणा हा हाताच्या सफाईपेक्षा पाहण्याचा प्रश्न आहे. वाकडीतिकडी रेघ चालते, पण वेगळ्याच जातीचा प्राणी चालत नाही. एका प्रदर्शनात नारकोंडम धनेशाचा भिंतभर फलक होता. अंदमानच्या समुद्रातल्या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखीय बेटावर हा पक्षी राहतो आणि जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही. नराचे डोके आणि मान तांबूस तपकिरी, मादी काळी, दोघांची शेपटी पांढरी, गळ्याखालची कातडी निळसर पांढरी. फलकावर मात्र चोचीवर भलेमोठे पिवळे शिरस्त्राण असलेला, मुख्य भूमीवरच्या जंगलातला महाधनेश दिमाखात बसलेला होता. काम सुरेख होते, कित्येक जणांचे कष्ट त्यात होते, आणि त्याखाली नाव मात्र अशा पक्ष्याचे होते जो त्या भिंतीवर कुठेच नव्हता. इंटरनेटवर ‘धनेश’ शोधले की आधी महाधनेशच समोर येतो. ज्या जिवाचे अस्तित्वच एका लहानशा बेटापुरते आहे, त्याची जागा त्याच्याच गौरवाच्या कार्यक्रमात त्याच्या प्रसिद्ध नातेवाइकाने बळकवावी, हे मला खटकले.

याच्या नेमके उलट उदाहरण एका शाळकरी मुलीने दिले. तिने ताहितीजवळच्या मूरिया बेटावरची पार्टुला गोगलगाय निवडली होती. शंख दीड-दोन सेंटिमीटरचा, रंग मातकट. कोणाचे लक्षही जाऊ नये असा जीव. तिच्या कागदावर दोन शंख होते, एकाचे वेटोळे उजवीकडे जाणारे आणि दुसऱ्याचे डावीकडे. पाहणाऱ्यांपैकी एकाने दुसरा चुकलाय का असे विचारले, तेव्हा तिने सांगितले की या बेटावरच्या एका जातीत दोन्ही प्रकारचे शंख सापडतात, आणि छायाचित्र छापताना उलटे झाले तर कोणता शंख कोणता ते कळणार नाही, म्हणून तिने आधी खात्री करून घेतली. बाजूला तिने स्वतःच्या अंगठ्याचे नख त्याच मापात काढले होते. रंगकाम यथातथाच होते. माझ्या लेखी त्या दालनातले सर्वोत्तम चित्र तेच.

त्या गोगलगायीची हकीकतही सांगण्याजोगी आहे. पॉलिनेशियातल्या बेटांवर खाण्यासाठी म्हणून आफ्रिकेतली मोठी गोगलगाय आणली गेली, ती पिकांवर पसरली, आणि तिचा बंदोबस्त करण्यासाठी १९७०च्या दशकात दुसरी एक शिकारी गोगलगाय आणून सोडली गेली. या शिकारी गोगलगायीने मोठ्या गोगलगायीकडे फारसे लक्ष दिले नाही आणि पार्टुला खाऊन टाकल्या. मूरियावर १९७७ साली ती सोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांत तिथल्या पार्टुलाच्या जवळजवळ सगळ्या जाती निसर्गातून नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांच्या काचेच्या पेट्यांत तगल्या आणि २०१५ पासून त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा बेटांवर सोडल्या जात आहेत.

बेट म्हटले की भडक रंग, ही समजूतही आपण सोडायला हवी. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी बेटांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे, पण गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झालेल्या ज्ञात जातींपैकी सुमारे साठ टक्के जाती बेटांवरच्या आहेत. आणि या गेलेल्या व जाऊ घातलेल्या जातींत साधेसुधे, करड्या-तपकिरी रंगाचे जीव पुष्कळ आहेत. बेटांवरचे पक्षी त्यांच्या मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपेक्षा एकंदरीत फिके असतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जगव्यापी अभ्यासात दिसून आले. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचा काळा रॉबिन नखशिखांत काळा आहे. १९८० साली जगात हे पक्षी फक्त पाच उरले होते आणि त्यांत पिल्ले देऊ शकणारी जोडी एकच होती. आज दोनशेहून अधिक असलेले सारे काळे रॉबिन त्या एकाच जोडीचे वंशज आहेत. प्रदर्शनासाठी अशा पक्ष्याचे चित्र काढायला बसलेल्या माणसाची पंचाईत होते, कारण रंगपेटीचा काही उपयोग नसतो आणि काळ्या पिसांवरचा उजेड, उभे राहण्याची ढब, पायांची लांबी यांवरच सारी भिस्त ठेवावी लागते. ही पंचाईत होऊ द्यावी. पंखांत मोरपंखी छटा घालून तिच्यातून सुटका करून घेऊ नये.

मापाच्या बाबतीतही तसेच. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या लॉर्ड हाऊ बेटावरचा काडीकिडा हाताच्या पंजाएवढा, चकचकीत काळा आणि बिनपंखी असतो. १९१८ साली एक जहाज त्या बेटाच्या किनाऱ्याला लागले, त्यावरचे उंदीर बेटावर उतरले आणि थोड्याच वर्षांत हा कीटक तिथून संपला. २००१ साली तेवीस किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या, समुद्रातून सरळ वर उठलेल्या साडेपाचशे मीटरहून उंच सुळक्यावर, एका झुडपाच्या आधाराने राहिलेले चोवीस काडीकिडे रात्री बॅटरीच्या उजेडात सापडले. या प्रसंगावर अख्खा सुळका आणि त्यावर राक्षसाएवढा कीटक असे चित्र काढता येईल, आणि ते लोकांना आवडेलही. मला मात्र खऱ्या मापाचा कीटक, खऱ्या मापाची पाने आणि भोवती बराचसा कोरा कागद असे चित्र जास्त बोलके वाटेल.

प्रदर्शनात ज्यांना जागा मिळत नाही अशी एक मोठी फौज आहे, ती म्हणजे बाहेरून आणलेल्या प्राण्यांची. गौरवाच्या कार्यक्रमात उंदीर-मांजरे कशाला, असा आयोजकांचा सूर असतो. माझे मत वेगळे आहे. आपल्या ओळखीची साळुंकी अठराव्या शतकात टोळ खाण्यासाठी मॉरिशसला नेली गेली आणि आज कितीतरी बेटांवर ती इतकी रुळली आहे की ‘आमचे स्थानिक पक्षी’ म्हणून मुले तिचेच चित्र काढून आणतात. मुंगूस १८८३ साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारण्यासाठी हवाईला नेले गेले. ते हिंडते दिवसा, उंदीर हिंडतात प्रामुख्याने रात्री, त्यामुळे त्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांकडे मोर्चा वळवला. ही मंडळी चित्रात आल्याशिवाय मूळच्या जिवांवर काय ओढवले ते कळणार कसे? मात्र त्यांनाही तितक्याच प्रामाणिकपणे काढावे, रक्ताळलेले दात आणि लाल डोळे देऊन त्यांचे राक्षस करू नयेत. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावरचा न उडणारा चिमुकला रेन पक्षी दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजराने संपवला, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. वास्तविक तिथे अनेक मांजरे मोकाट झाली होती, आणि एका मांजरावर खापर फोडले की ती बेटावर कोणी नेली हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या कलेला तर या प्रदर्शनांत सर्वांत मानाचे स्थान हवे, कारण हे जीव त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाहीत. हवाईच्या राजघराण्यातले पिसांचे झगे याचे ठळक उदाहरण आहेत. पहिल्या कामेहामेहा राजाचा मामो पक्ष्याच्या पिवळ्या पिसांचा झगा होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहे. तो पिवळाधमक झगा पाहून कोणालाही मामो पिवळा असेल असे वाटावे. प्रत्यक्षात तो पक्षी जवळजवळ काळा होता आणि त्याच्या अंगावर मोजकीच पिवळी पिसे होती. पारधी ती कशी मिळवत आणि एका झग्यासाठी किती पिढ्या खपल्या असतील, याचा विचार केला की थक्क व्हायला होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर मामोची नोंद नाही.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. मॉरिशसच्या पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्ज बेटावरचे काफे मारों नावाचे झुडूप नामशेष झाले असे मानले जात होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका शिक्षकाने मुलांना परिसरातल्या वनस्पती शोधायला लावले आणि एका विद्यार्थ्याने या झुडपाची फांदी वर्गात आणली. चित्रकाराला भुरळ पाडील असे हे झाड आहे, कारण त्याच्या कोवळ्या वयातली पाने अरुंद, तपकिरी आणि ठिपकेदार असतात आणि मोठेपणीची हिरवी, रुंद. दोन्ही एका कागदावर काढली तर दोन वेगळी झाडे वाटावीत. पण शोधाची बातमी पसरताच औषधी समजुतीमुळे लोक त्या एकुलत्या झाडाच्या फांद्या तोडून नेऊ लागले आणि त्याभोवती कुंपणे घालावी लागली. पुढे त्याचे तुकडे लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन त्यांपासून रोपे करण्यात आली.

म्हणून आयोजकांना माझी विनंती अशी की प्रत्येक चित्राखाली जातीचे पूर्ण नाव, बेटाचे नाव, चित्र कशावरून काढले (प्रत्यक्ष पाहून, संग्रहालयातल्या नमुन्यावरून की छायाचित्रावरून) आणि खऱ्या मापाशी असलेले प्रमाण एवढे तरी लिहावे, आणि चित्र काढल्याची तारीख मागच्या बाजूला टिपून ठेवावी. चित्र लावण्याआधी त्या जातीची माहिती असलेल्या एखाद्या माणसाला ते दाखवावे आणि चूक निघाली तर काढणाऱ्याला दुरुस्तीसाठी पुरेसा वेळ द्यावा. दुर्मीळ झाडे आणि पक्ष्यांची घरटी नेमकी कुठे आहेत, ते मात्र फलकावर लिहू नये, नकाशावर तर मुळीच दाखवू नये.